मिरचीवरील फुलकिडे : आधी ओळख, मग फवारणी

मिरचीवरील फुलकिड्यांशी आपला परिचय जुना आहे. शेंड्याकडील पाने वरच्या बाजूला द्रोणासारखी वळू लागली की हा फुलकिड्यांचा चुरडा-मुरडा आहे, हे जाणता शेतकरी बांधावर उभा राहूनच सांगतो. परंतु २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश आणि आपल्या शेजारच्या तेलंगणातील मिरची उत्पादकांना वेगळाच अनुभव आला. पीक जोमदार होते, फुलोराही चांगला होता. मात्र फुलांमध्ये काळपट रंगाचे फुलकिडे दाटीने दिसू लागले. फुले करपून गळाली, फळधारणा थांबली आणि फवारणीमागून फवारणी करूनही कीड हटली नाही. काही शेतकऱ्यांनी तर उभे पीक उपटून टाकले.

ही कीड नेहमीची नव्हती. तिचे शास्त्रीय नाव थ्रिप्स पारव्हिस्पायनस. ही मूळची आग्नेय आशियातील कीड आहे. भारतात तिची पहिली नोंद २०१५ साली बंगळूर येथे पपईवर झाली आणि त्यानंतर सहा वर्षांत ती मिरचीवरील मोठे संकट ठरली. तिची ओळख कशी पटली व तिच्या नावात बदल का झाला, हे समजून घेतल्यास आपल्याच शेतातील कीड ओळखण्यास मदत होईल.

फुलकिडे म्हणजे एकच कीड नव्हे

फुलकिडे हे आपण दिलेले सामाईक नाव आहे. जगात फुलकिड्यांच्या ६,००० हून अधिक प्रजाती ज्ञात असून त्यांपैकी ७०० हून अधिक भारतात आढळतात. सर्वच पिकांना घातक नाहीत. काही बुरशीवर जगतात, तर काही इतर किडींना खाऊन आपल्याला मदतच करतात. बहुतेकांची लांबी एक ते दोन मिलिमीटर असते. पंख अरुंद असून त्यांच्या कडांना झालरीसारखे लांब केस असतात. नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसत असले तरी त्यांच्या सवयी सारख्या नसतात.

नेहमीचा आणि नवा फुलकिडा

मिरचीवर नेहमी आढळणारा फुलकिडा म्हणजे सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. हूड या शास्त्रज्ञाने १९१९ साली त्याचे वर्णन केले, तेही कोइमतूर येथे गोळा केलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे हा इथलाच. नव्या फुलकिड्यापासून तो पुढीलप्रमाणे वेगळा ओळखता येतो.

१) रंग : नेहमीचा फुलकिडा फिकट पिवळा असून त्याच्या पाठीवर बारीक गडद आडव्या रेषा असतात. नव्या फुलकिड्याच्या मादीचे डोके व छाती पिवळसर तपकिरी, तर पोट गडद तपकिरी ते काळपट असते. पंख तपकिरी असून बुडाशी फिकट असतात. नर मात्र आकाराने लहान व पिवळा असतो. म्हणून एकच कीटक पाहून निर्णय घेऊ नये, दहा-वीस कीटक पाहावेत.

२) जागा : नेहमीचा फुलकिडा मुख्यतः कोवळ्या पानांवर व शेंड्यावर राहतो. नव्याचे प्रौढ फुलांमध्ये गर्दी करतात आणि पिले पानांच्या खालच्या बाजूस आढळतात.

३) लक्षणे : नेहमीच्या फुलकिड्यामुळे पाने वरच्या बाजूला वळतात. नव्यामुळे पानाची खालची बाजू तांबूस तपकिरी होते, वरची बाजू पिवळी पडते, पाकळ्यांवर तपकिरी रेघा दिसतात आणि फुले सुकून गळतात. पाने खालच्या बाजूला वळत असतील तर तो फुलकिडा नसून कोळी असण्याचा संभव अधिक. त्यासाठी कोळीनाशक लागते.

फुलांत गडद रंगाचे इतरही फुलकिडे आढळतात. म्हणून दहा पट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने फक्त संशय घेता येतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तेथे तज्ज्ञ शिंगिकांचे भाग मोजतात. नेहमीच्या फुलकिड्यात ते आठ, तर नव्यात सात असतात. पंखांच्या शिरांवरील केस आणि पोटाच्या आठव्या भागावरील केसांची रचनाही पाहिली जाते. पिलांवरून प्रजाती ठरविणे कठीण असल्याने प्रौढच लागतात. शंका राहिल्यास जनुकाच्या ठराविक तुकड्यातील अक्षरांचा क्रम ज्ञात नमुन्यांशी पडताळून पाहतात. यालाच डीएनए बारकोडिंग म्हणतात.

नाव का बदलले?

या किडीचे पहिले वर्णन कार्नी या शास्त्रज्ञाने १९२२ साली थायलंडमधील नमुन्यांवरून केले. त्या वेळी तिचे नाव आयसोन्यूरोथ्रिप्स पारव्हिस्पायनस असे ठेवले गेले. पंखाच्या पुढील शिरेवर केसांची ओळ असते. थ्रिप्स या कुळातील अनेक प्रजातींमध्ये या ओळीत, पेरणीत नांगे पडावेत तशी, मध्येच मोकळी जागा असते. ज्यांची ओळ सलग होती त्यांचे वेगळे कूळ मानले गेले, ते आयसोन्यूरोथ्रिप्स. पुढे अधिक प्रजातींचा अभ्यास झाला, तेव्हा एवढ्या एका लक्षणावर स्वतंत्र कूळ टिकत नाही असे दिसून आले. मग ते थ्रिप्स कुळात विलीन करण्यात आले.

दरम्यान याच किडीला १९२५ साली जेन्सेनाय आणि १९३६ साली तैवानस अशी आणखी दोन नावे वेगळ्या प्रजाती समजून दिली गेली होती. हे म्हणजे एकाच जमिनीचे तीन सातबारे झाल्यासारखे होते. एका नावाखाली नोंदलेली माहिती दुसऱ्या नावाखाली शोधणाऱ्याला सापडत नाही. ग्रीसमध्ये गार्डेनिया या शोभेच्या झाडावर ही कीड आढळल्यानंतर २००० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नावांच्या या गोंधळाची चर्चा झाली. आज तिन्ही नावे एकाच प्रजातीची मानली जातात. नियमाप्रमाणे सर्वांत जुने प्रजातीनाम, म्हणजे पारव्हिस्पायनस, कायम राहिले. त्यामुळे पपई, मिरची, वांगी व शोभेच्या झाडांवरील वेगवेगळ्या देशांतील नोंदी एकाच खात्यावर जमा झाल्या. भारतात ही कीड आली तेव्हा ती कोणकोणत्या पिकांवर जाऊ शकते, हे या नोंदींमुळेच सांगता आले.

ओळख चुकल्यास काय होते?

नेहमीचा फुलकिडा समजून आपण शेंड्यावर फवारा मारतो, पण नव्या किडीचे प्रौढ फुलांच्या आत आणि पिले पानांखाली सुरक्षित राहतात. औषध लागू पडत नाही असे वाटून मात्रा वाढविली जाते, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जातात. त्यात फुलकिडे खाणारे ढेकूण व परभक्षी कोळी मरतात आणि कीड उलट अधिक वाढते. खर्च वाढतो, मालात औषधाचा अंश राहतो. शिवाय शेजारची पपई कोणाच्या लक्षातही येत नाही.

नमुना कसा घ्यावा?

सकाळी शेताच्या वेगवेगळ्या भागांतील आठ-दहा झाडांची फुले व शेंडे पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावेत. कागदावर पळणारे कीटक पाण्यात बुडविलेल्या बारीक ब्रशच्या टोकाने उचलून ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या लहान कुपीत टाकावेत. फुलांवरील व पानांवरील कीटकांसाठी वेगळ्या कुप्या वापराव्यात. चिकटपट्टीवर कीटक चिकटवू नयेत, कारण शिंगिका व पंख तुटून ओळख पटत नाही. गाव, तालुका, पीक, वाण, झाडाचा भाग आणि तारीख कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती कुपीतच टाकावी. शाईचे अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळते. कुपी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्यावी.

नियंत्रणाचे मुद्दे

- मिरचीच्या पिकाजवळील पपई, वांगी व फुलझाडांची नियमित पाहणी करावी.
- रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतून, पानांची खालची बाजू तपासूनच घ्यावीत.
- निळे चिकट सापळे पिकाच्या उंचीवर लावावेत व दर आठवड्याला तपासावेत.
- नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा जास्त देऊ नये. लुसलुशीत वाढीवर कीड लवकर वाढते.
- फुलकिड्यांची कोषावस्था बहुधा जमिनीत जाते. म्हणून आच्छादनाचा वापर करावा.
- सुरुवातीस निंबोळीयुक्त औषधे वापरावीत. रासायनिक औषध लेबलवर मिरची व फुलकिडे यांचा उल्लेख पाहून, दिलेल्या मात्रेतच वापरावे. एकाच गटातील औषध लागोपाठ फवारू नये.
- फवारा फुलांपर्यंत व पानांच्या खालच्या बाजूस पोहोचला पाहिजे. फुलोऱ्यात मधमाश्यांचा वावर संपल्यावर, सायंकाळी फवारणी करावी. तोडणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळावा.

ही कीड केवळ एका शेतकऱ्याच्या प्रयत्नाने आटोक्यात येत नाही. एका शेतात ती ओळखू आली तर शिवारातील इतर मिरची व पपई उत्पादकांनाही त्वरित कळवावे. पंप पाठीवर घेण्यापूर्वी खिशातील भिंग काढून दोन फुले उघडून पाहावीत. त्या पाच मिनिटांत एक वाया जाणारी फवारणी वाचू शकते.