चेहऱ्यावरचे तेल: समज आणि शास्त्र

दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला तेल चोळतो आणि लगेच उटणे लावून ते काढूनही टाकतो. चेहऱ्यावर आपोआप येणाऱ्या तेलाला मात्र आपण सरसकट मळ समजत आलो. या समजाच्या मुळाशी जाताना मला जे सापडले, ते येथे मांडतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ येते: तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुळ्या. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त यांचा उल्लेख आहे. वय आणि जागा, दोन्हींचे निरीक्षण अचूक आहे. त्यांचा उलगडा आज तैलग्रंथींमध्ये होतो. तळहात-तळपाय सोडले तर या ग्रंथी जवळजवळ सर्वांगावर असतात. कपाळ, नाक, हनुवटीवर त्यांची दाटी अधिक. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरके वाढतात, मुलींमध्येही, आणि त्यांच्या आज्ञेने ग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल स्रवतात. या तेलात मेद, मेण आणि स्क्वालीन असते. स्क्वालीन हे नाव शार्कच्या एका वंशनामावरून पडले, कारण ते प्रथम शार्कच्या यकृताच्या तेलात सापडले.

म्हणजे ग्रंथीला आज्ञा आतून येते. साबणाने वरचे तेल जाते, ग्रंथी थांबत नाही. काही तासांत चेहरा पुन्हा चमकतो. शिवाय साधा साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्ल; वारंवार घासल्याने ती कोरडी पडून चुरचुरते. नाकावरचे काळे ठिपकेही धुळीचे नव्हेत; छिद्रात अडकलेल्या द्रव्यातील मेलॅनिन आणि हवेशी होणारी प्रक्रिया यांमुळे ते काळे दिसतात.

मग करावे काय? दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, हलके मॉइश्चरायझर आणि जेलसारखे सनस्क्रीन एवढे पुरते. बेसन किंवा मुलतानी माती तेल टिपून घेते, पण तात्पुरतेच. मुरुमे असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन उपयोगी पडते. परिणाम दिसायला आठवडे लागतात. आयसोट्रेटिनॉइन ग्रंथींना आकसवते, पण गर्भाला घातक असल्याने ते केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

खरा धोका वेगळाच आहे. मुरुमांवर आणि गोरेपणासाठी म्हणून स्टेरॉइड मिसळलेली मलमे दुकानातून सहज घेतली जातात. लाली आधी ओसरते, त्यामुळे विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच पुळ्या उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही नळीवरचे घटक वाचण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

घरातल्या वयात येणाऱ्या मुलामुलींना ‘तोंड नीट धूत नाहीस’ असे आपण सहज म्हणून जातो. ते बोलणे त्यांना त्या मलमांच्या दुकानापर्यंत नेऊ शकते. तेलकट चेहरा हा स्वच्छतेचा दोष नाही, एवढे सांगणे हाही उपचारच आहे.