क्विंटलभर तांदळात एक मिलिग्रॅम

तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याच्या शिवारात धानाला दोन धास्ती: करपा आणि तुडतुडे. रोवणी आटोपली आणि ढगाळ हवा लांबली की फवारणीचे पंप पाठीवर चढतात. करप्यावर वर्षानुवर्षं वापरात असलेलं बुरशीनाशक म्हणजे ट्रायसायक्लाझोल. तांदळातली त्याची कमाल मर्यादा युरोपीय संघाने 2017 मध्ये किलोमागे 1 मिलिग्रॅमवरून 0.01 मिलिग्रॅमवर आणली, आणि बासमतीचे निर्यातदार हादरले. हिशेब मांडून बघा: क्विंटलभर तांदळात फक्त एक मिलिग्रॅम. इथला धान बासमती नव्हे. पण इतकं थोडं औषध शोधायचं कसं, हा प्रश्न इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळालाही लागू आहे आणि धानाच्या बांधीतून बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरणाऱ्या पाण्यालाही.

मशीनमध्ये नमुना घातला की आकडा बाहेर पडतो, असा आपला समज. खरी मेहनत मशीनच्या अलीकडे असते. तांदळातलं पिष्ट, स्निग्धांश, प्रथिनं बाजूला सारून नेमका हवा तो रेणू वेचायचा आणि थोड्या द्रवात एकवटायचा, याला निष्कर्षण म्हणतात. पाण्याच्या नमुन्यासाठी जुनी रीत अशी: तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात लिटरभर पाणी घ्या, त्यात 60 मिलिलिटर डायक्लोरोमिथेन घालून हलवा, थर वेगळे करा, हेच तीनदा करा आणि मग ते सगळं आटवा. एका नमुन्यामागे 180 मिलिलिटर विषारी द्रावक! कीटकनाशक शोधण्यासाठी दुसरं विष वापरायचं, हा प्रकार मला कायम विचित्र वाटत आला आहे.

1990 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी द्रावकाला फाटा दिला. लेप दिलेला काचेचा बारीक तंतू नमुन्यात धरायचा. रेणू त्या लेपावर येऊन बसतात. मात्र हा तंतू महाग आणि नाजूक, आणि त्यावर लेप मावतो तो इवलासा. पुढे पातळ पापुद्रे आले आणि त्यांच्यामागून आला कागद. त्यावर स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठाच्या गटाने बरंच काम केलं आहे.

कागद हा मुख्यतः सेल्युलोज. स्वस्त, सच्छिद्र, कात्रीने कापता येणारा, पाणी झटकन शोषणारा. पण तीच त्याची उणीवही: पाण्यावर त्याचा जीव, तेलकट किंवा अणूंच्या कड्या असलेल्या रेणूंवर नाही. म्हणून त्याला लेप द्यावा लागतो. नायलॉन किंवा पॉलिस्टायरिनसारखं बहुवारिक द्रावकात विरघळवायचं, त्यात कार्बन नॅनोनलिका किंवा ग्राफिन मिसळायचं, गाळणकागदाची पट्टी बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. बहुवारिक डिंकाचं काम करतं आणि पकडण्याचं काम नॅनोकण करतात. ग्राफिनच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ, निव्वळ गणिताने, 2630 चौरस मीटर भरतं. त्याच्या सपाट षटकोनांवर ट्रायसायक्लाझोलसारखे सपाट कड्यांचे रेणू अंगाला अंग लावून बसतात. लेप पातळ असल्याने रेणूंना आत दूरवर शिरावं लागत नाही, त्यामुळे वेळही वाचतो.

ऐकायला सोपं, हाताला अवघड. नॅनोनलिकांना एकमेकींना बिलगून गठ्ठे करायची खोड असते. ध्वनिलहरींनी ते गठ्ठे नीट फोडले नाहीत तर पट्टीवर एकीकडे दाट, एकीकडे विरळ लेप बसतो, आणि दोन पट्ट्या दोन आकडे सांगतात. सुटलेले कण पुढे मोजणाऱ्या यंत्राच्या स्तंभात, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या बारीक नळीत, अडकले तर दुरुस्तीचा खर्च पट्टीच्या किमतीच्या कितीतरी पट.

लेप नीट बसला असेल तर बाकीचं काम सुटसुटीत. बोडीच्या पाण्यात पट्टी ढवळायची, पुसायची आणि थोड्याशा मिथेनॉलमध्ये धुवायची. त्या मिथेनॉलचा थेंब वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात, जातो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने धुण्याच्या पायरीलाही पर्याय दाखवला: कागदाचा त्रिकोण कापायचा, द्रावकाचा थेंब टाकून त्याला काही हजार व्होल्ट द्यायचे, की टोकातून फवारा थेट यंत्राच्या तोंडात. तांदूळ मात्र असा बुडवता येत नाही. तो दळून आधी त्यातलं औषध अॅसिटोनायट्रिलमध्ये उतरवावं लागतं. पट्टीची पाळी त्यानंतर.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ही पट्टी म्हणजे रंग बदलून निकाल सांगणारा कागद नव्हे. ती फक्त गोळा करते. मोजणारं यंत्र कोट्यवधींचं असू शकतं आणि ते शहरातच राहणार. उदाहरणार्थ, द्राक्षांच्या निर्यातीसाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. धानपट्ट्याला पट्टीचा उपयोग वेगळा: सिहोऱ्याहून लिटरभर पाण्याच्या बाटल्या पाठवण्याऐवजी वाळलेल्या पट्ट्या पाकिटातून पाठवता येतील. पण त्याआधी त्या पट्टीवर रेणू किती दिवस शाबूत राहतो, हे प्रत्येक औषधासाठी तपासावं लागेल. ते होईपर्यंत व्यवहाराला उपयोगी पडणारा अहवाल हवा असेल, तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या आणि सोबत फवारणीची तारीख व औषधाचं नाव लिहून द्यायला विसरू नका.