तोच मेंदू, पण बदललेला

‘तोच हा देवदत्त’ हे आपल्या दर्शनांतलं जुनं उदाहरण. पूर्वी पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला माणूस एकच, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आज आपण हाच प्रश्न मेंदूच्या प्रतिमांना विचारणार आहोत. तिथे तो नुसता वादाचा राहत नाही; औषधांच्या चाचण्या त्यावर अवलंबून असतात.

लंडनच्या टॅक्सीचालकांचं संशोधन तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. या लोकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी अशा १६ चालकांचे एमआरआय इतरांशी ताडून पाहिले. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचं एकूण आकारमान सारखंच होतं. पण चालकांमध्ये त्याची मागची बाजू मोठी आणि पुढची लहान होती. म्हणजे एकूण आकडा पाहून भागत नाही, घडण पाहावी लागते. बरं, रस्ते पाठ केल्यामुळे मेंदू असा झाला, की असा मेंदू असलेलेच चालक झाले? एकदाच काढलेल्या प्रतिमेत याचं उत्तर नसतं. म्हणून पुढे ७९ उमेदवारांचे स्कॅन शिक्षणाच्या सुरुवातीलाच काढले आणि तीन-चार वर्षांनी, जे परत आले त्यांचे, पुन्हा काढले. २०११ साली निष्कर्ष आला: उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांतच मागची बाजू वाढली होती. सुरुवातीला गटागटांत फरक नव्हता.

आता खरी मेख. दोन स्कॅन ताडायचे कसे? डोकं दर वेळी वेगळ्या कोनात असतं. म्हणून एक प्रतिमा सरकवून, फिरवून दुसरीवर बसवतात आणि मग रबराच्या पत्र्यासारखी जागोजागी ताणतात. कुठे किती ताणावं लागलं, तोच बदलाचा हिशोब. सोय म्हणून पहिला स्कॅन तसाच ठेवायचा आणि दुसराच हलवायचा, असं पूर्वी सर्रास व्हायचं. हलवताना प्रतिमा किंचित पुसट होते. पुसटपणा एकाच बाजूला आला, की न झालेली झीजही दिसू लागते.

अल्झायमरच्या संशोधनात २०१० च्या सुमारास हे नेमकं पकडलं गेलं. कसं, ते पाहण्यासारखं आहे. समजा, सहा महिन्यांत ३ टक्के झीज मोजली आणि बारा महिन्यांत ४ टक्के. ही रेषा मागे नेली तर शून्य महिन्यांनाच २ टक्के झीज निघते! खरी झीज काळाबरोबर वाढते. ही आधीच हजर होती. निरोगी वृद्धांत हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे दीड टक्का आणि अल्झायमरमध्ये साडेचार टक्के आक्रसतो. एवढ्याशा आकड्यांत २ टक्के खोटे मिसळले, तर औषध जे थांबवूच शकत नाही तेही रोगाच्या खात्यात जमा होतं. मग थोडे रुग्ण पुरतील असं वाटतं, आणि तेवढ्या रुग्णांत चांगलं औषधही निष्फळ ठरू शकतं.

उपाय साधा आहे, आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तर फारच आवडणारा. कुठलाच स्कॅन ‘मूळ’ मानायचा नाही. दोघांनाही अर्धं अर्धं हलवून मधोमध आणायचं, म्हणजे पुसटपणा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. शिवाय क्रम उलटून पाहायचा: आधीचा नंतर धरला, तर जेवढी झीज तेवढीच वाढ निघायला हवी.

तरीही काहीतरी अचल धरावंच लागतं. मोठ्यांमध्ये ते काम बऱ्याचदा कवटीच्या हाडावर सोपवतात. यंत्राचं माप थोडं इकडेतिकडे झालं तर ते हाडावरून कळतं. वाढत्या मुलांचा अभ्यास करताना मात्र ही सोय नाही. तिथे कवटीही वाढत असते.