एक औषध आणि तीन वनस्पती

कर्करोगावर रसायनोपचार चालू असता रुग्णाचे आप्तेष्ट पुष्कळदा एखादा काढा किंवा चूर्ण सुचवितात. झाडपाल्याने गुण आला नाही, तरी अपाय खचित होणार नाही, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे एकाच औषधाच्या उदाहरणावरून पाहता येईल.

इरिनोटेकन हे ते औषध होय. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते देतात. त्याचा उगमही वनस्पतीतच आहे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पश्चिम घाटातील नरक्या या झाडातही ते सापडते. त्याच्या रचनेत फेरफार करून पुढे इरिनोटेकन बनविण्यात आले.

शरीरात इरिनोटेकनपासून एक अधिक प्रभावी द्रव्य तयार होते व ते कर्कपेशींचा नाश करते. यकृत या द्रव्यास एका शर्कराजन्य आम्लाची जोड देऊन त्याची तीव्रता घालविते आणि ते पित्तावाटे आतड्यात सोडते. परंतु तेथील जीवाणू ही जोड तोडतात. मोकळे झालेले द्रव्य मग आतड्याच्या अस्तरावरच आघात करते आणि रुग्णास तीव्र अतिसार जडतो. कित्येकदा औषधाची मात्रा कमी करावी लागते, तर कधी उपचारच थांबवावे लागतात.

सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकात अतिसारावर चार वनस्पतींचा एक काढा सांगितला आहे. आपल्या परिचयाचे ज्येष्ठमध आणि बोराच्या जातीचे एक फळ त्यात असते. येल विद्यापीठातील युंग-ची चेंग आणि त्यांचे सहकारी यांनी हा काढा ठरावीक प्रमाणात तयार करून उंदरांना इरिनोटेकनबरोबर दिला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत आतड्याचे अस्तर लवकर भरून आले व दाह उतरला; अर्बुदावरील औषधाचा परिणाम मात्र घटला नाही. रुग्णांवरील प्रयोग अद्याप लहान प्रमाणावरच झाले असल्याने हा काढा नित्याच्या उपचारांत आलेला नाही.

आता दुसरी बाजू पाहू. मनाच्या उदासीनतेवर युरोपात सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती घेतात. कर्करुग्णासही ती घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्यामुळे यकृतातील एक एन्झाइम वाढते आणि ते औषधाचा निकाल लवकर लावते. नेदरलँड्समध्ये मोजक्या रुग्णांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ही वनस्पती घेतल्याने रक्तातील त्या प्रभावी द्रव्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. रुग्णास वरून काहीच जाणवत नाही. औषध मात्र आतल्या आत दुबळे होते.

तात्पर्य, वनस्पती सरसकट तारकही नव्हेत आणि मारकही नव्हेत. रसायनोपचाराचा त्रास कमी होऊन रुग्णाचे दिवस सुसह्य व्हावेत, ही इच्छा रास्तच आहे. परंतु जे पोटात गेल्यावर काही घडविते ते औषधच होय, मग ते घरच्या चुलीवर का उकळलेले असेना! म्हणून घेतलेला प्रत्येक काढा व प्रत्येक चूर्ण उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालणे, हे रुग्णाच्या आप्तांचे पहिले कर्तव्य आहे.