ब्रेकमधील हवा

मोटारीच्या ब्रेकमधील हवा काढणे हा विषय व्याख्यानपीठावर यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. हे काम मिस्त्रीचे. नागरिकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्नही साहजिक आहे. पण बोरघाट उतरताना आपला सगळा भरवसा असतो तो बारीक नळ्यांतून भरलेल्या जेमतेम अर्धा-एक लिटर द्रवावर. तो द्रव काम कसे करतो आणि दगा केव्हा देतो, हे मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे असे आम्हांस वाटते.

मूळ तत्त्व जुने आहे. कोंडलेल्या द्रवाच्या एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व बाजूंस सारखाच पोचतो, हे फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने दाखवून दिले; त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. या तत्त्वावर चालणारे ब्रेक चारही चाकांना बसवलेली अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटार १९२१ मध्ये विक्रीस आली. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, आणि तो दाब नळ्यांतून चाकांपाशी जातो. द्रव जवळजवळ दबतच नाही, म्हणून पाय आणि चाक यांच्यामध्ये जणू लोखंडी कांब असावी तसे काम होते.

हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो. ब्रेकचे पॅड चकतीपासून केसभर अंतरावर असतात आणि त्यांना हलवावयाचा द्रव अगदी थोडा असतो. त्यामुळे लहानसा बुडबुडाही पेडलची बरीचशी चाल खाऊन टाकतो. पेडल मऊ लागते, आणि दोन-तीनदा भराभर मारल्यावर वर येते. ही हवेची ठळक खूण होय.

येथे एका नावाने घोटाळा केला आहे. आपण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते वास्तविक तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातील द्रव्य असते. नावावर विसंबून त्यात इंजिन ऑइल ओतले, तर आतील रबर फुगते आणि सारी यंत्रणा निकामी होते. शिवाय हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले तर चाकांपाशी द्रव उकळतो, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. सकाळी गावात ठीक चाललेला ब्रेक दुपारी घाटात का सुटतो, याचे एक कारण हे आहे. म्हणून अनेक उत्पादक सुमारे दोन वर्षांनी हा द्रव बदलावयास सांगतात.

आता कृती. ती दोघांनी करावयाची असते: एकाने पेडलपाशी बसावयाचे, दुसऱ्याने चाकापाशी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना अटकाव लावलेला. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली भक्कम स्टँड हवेत. टाकीचे झाकण पुसून मगच उघडावे आणि सीलबंद डब्यातील, झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच द्रव भरावा. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे धरावा. पुष्कळ गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम घेतात.

चाकामागील निपलवर रिंग पाना लावून त्यावर पारदर्शक नळी चढवावी आणि तिचे टोक बाटलीतील थोड्या ताज्या द्रवात बुडवावे. आतल्याने पेडल सावकाश दाबून ‘दाबले’ म्हणावे. बाहेरच्याने निपल अर्धा फेरा सैल करावा. द्रव आणि बुडबुडे बाहेर येतील व पेडल खाली जाईल. निपल घट्ट केल्यावर बाहेरच्याने ‘सोडा’ म्हणावे, आणि त्यानंतरच पाय उचलावा. आधी उचलला तर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव येईपर्यंत हेच करावे, आणि टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. रंगावर द्रव सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचचीही हीच रीत. हवा शिरली की क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरत पडतो. गिअरबॉक्सपाशी असलेल्या सिलिंडरच्या निपलमधून ती काढतात. अनेक गाड्यांत क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते कठीण राहिले पाहिजे. हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. कितीही हवा काढली तरी तो दोष जाणार नाही. इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली येते, ते मात्र योग्यच. मग मोकळ्या जागी, अगदी मंद वेगाने गाडी थांबवून पाहावी. एबीएस असलेल्या काही गाड्यांत हवा पूर्ण काढण्यास कारखान्याचे उपकरण लागते. तेथे हट्ट करू नये.

हे काम अवघड नाही, पण ‘बहुतेक झाले’ ही पायरी त्यात नाही. पेडल मऊ लागत असेल तर गाडी रस्त्यावर आणू नये, मिस्त्रीलाच घरी बोलवावे. स्वतःच्या हाताने काम करण्याचा अभिमान चांगला. पण रस्त्यावर चालणाऱ्या परक्या माणसाचा जीवही त्याच पेडलवर अवलंबून असतो.