साग्रारिओ : स्पेनमधील एका दुर्मिळ धार्मिक नावाचा अर्थ



माझ्या वर्गात निवृत्ती नावाचा एक मुलगा होता. मोठ्या वर्गातली पोरं त्याला "काय रे, कधी रिटायर होणार?" असं चिडवायची. एक दिवस तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, माझं नाव बदला ना." शब्दकोशात निवृत्तीचा अर्थ बघितला तर पोरांचं चुकलं नव्हतं. पण आजीने ते नाव त्र्यंबकेश्वरला समाधी असलेल्या निवृत्तीनाथांवरून ठेवलं होतं. तेव्हापासून मी नावाचा अर्थ सांगताना जपून सांगते. आज हीच गोष्ट आपण स्पेनमधल्या एका नावावरून समजून घेऊ.

साग्रारिओ म्हणजे काय?

साग्रारिओ हे स्पेनमधलं मुलीचं नाव. बाळांच्या नावांच्या यादीत त्यापुढे 'पवित्र' एवढंच लिहिलेलं असतं. हा शब्द लॅटिनमधल्या 'साक्रारियुम' या शब्दावरून आला आणि त्याच्या मुळाशी 'पवित्र' हा अर्थ आहे, हे खरं. पण आजच्या स्पॅनिशमध्ये साग्रारिओ म्हणजे कॅथलिक चर्चमधलं एक लहान कपाट. मिस्सामध्ये पवित्र केलेली भाकर त्यात कुलूपबंद ठेवतात. म्हणजे शब्दकोश उघडला तर मुलीचं नाव 'कपाट'! मग आई-बापाने असं नाव का ठेवलं असेल?

गाळलेले शब्द

दुसरी गंमत व्याकरणाची. स्पॅनिशमध्ये 'ओ'ने संपणारी बहुतेक नामं पुल्लिंगी असतात. साग्रारिओ हा शब्दही पुल्लिंगी आहे, तरी नाव मुलीचं. याचं कारण म्हणजे ते नाव अर्धंच आहे. पूर्ण नाव 'मारिया देल साग्रारिओ', म्हणजे साग्रारिओची मारिया. येशूची आई मारिया हिचं हे एक रूप. आपल्याकडे जशी देवी एक पण तुळजापूरची, कोल्हापूरची असं म्हणतो, तशीच मारियाही तिथे ठिकाणावरून आणि गुणांवरून ओळखली जाते. बोलताना 'मारिया देल' गळून पडतं आणि साग्रारिओ उरतं. घरात तर त्याचंही 'साग्रा' होतं.

याच साच्यातली आणखी नावं बघा. रोसारिओ म्हणजे जपमाळ, कोन्सुएलो म्हणजे दिलासा, आम्पारो म्हणजे आसरा, पिलार म्हणजे खांब. शब्द सगळे पुल्लिंगी, नावं मात्र बायकांची. दोलोरेस म्हणजे तर चक्क 'दुःखे'. मुलीच्या वाट्याला दुःख यावं म्हणून कुणी ते नाव ठेवत नाही. मुलाचं दुःख सोसणाऱ्या मारियेची ती आठवण असते. पोर्तुगीज वळणाने हाच साचा गोव्यातही आला. तिथल्या ख्रिस्ती घरांत कॉन्सेसाव, पिएदाद अशी नावं आढळतात.

नावाचं गाव तोलेदो

साग्रारिओच्या मारियेचं ठिकाण म्हणजे माद्रिदच्या दक्षिणेला असलेलं तोलेदो शहर. तिथल्या भव्य कॅथेड्रलचं बांधकाम १२२६ मध्ये सुरू झालं. त्यातल्या साग्रारिओ नावाच्या चॅपेलमध्ये मारियेची चांदीने मढवलेली लाकडी मूर्ती आहे. ती शहराची रक्षणकर्ती मानली जाते. तिचा सण १५ ऑगस्टला असतो. त्या दिवशी लोक कॅथेड्रलच्या आवारात रांग लावून मातीच्या तोटीवाल्या भांड्यातून 'माउलीचं पाणी' पितात. ऐन उन्हाळ्यातलं ते गार पाणी ज्याने लहानपणी प्यायलं, त्याला या नावाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

तोलेदो प्रांतातल्याच लिल्यो गावी १८८१ मध्ये एल्विरा मोरागास यांचा जन्म झाला. औषधनिर्माणशास्त्र शिकून फार्मासिस्ट झालेल्या स्पेनमधल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक. माद्रिदमध्ये त्यांनी वडिलांचं औषधाचं दुकान सांभाळलं. पुढे कार्मेलाइट मठात गेल्यावर त्यांनी 'मारिया साग्रारिओ' हे नाव घेतलं. यादवी युद्धात १९३६ साली त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. तारीख होती १५ ऑगस्ट, म्हणजे त्यांच्या नावाचाच सण. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केलं. संतपदाच्या आधीची ही पायरी असते.

मग हे नाव दुर्मिळ का?

एक कारण म्हणजे ते मुळातच एका भागाशी बांधलेलं. दुसरं कारण काळाचं. फ्रँकोच्या हुकूमशाहीत मुलांची नावं स्पॅनिशमध्ये आणि कॅथलिक परंपरेतली ठेवण्याची सक्ती होती. १९७५ मध्ये फ्रँको गेला. १९७७ च्या कायद्याने कातालान, बास्क अशा भाषांतली नावंही नोंदवता येऊ लागली. घरोघरचा धार्मिक आचार कमी झाला आणि लोकांना सुटसुटीत नावं आवडू लागली. या शतकात लुसिया हे नाव वर्षानुवर्षं यादीत वर राहिलं. तेही संत स्त्रीचंच नाव, पण छोटं आणि कुठेही चालणारं. साग्रारिओ नावाच्या बायका आज भेटतात त्या बहुतेक आजीच्या वयाच्या.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे की 'युनिक' नाव शोधताना यादीतल्या एका शब्दावर थांबू नका. ते नाव कुठून आलं, कोण कुणाला त्या नावाने हाक मारत होतं, हेही बघा.

आणि शिक्षकांनो, हजेरी घेताना कधी तरी मुलांना सांगा, "घरी आजीला विचारून या, माझं नाव का ठेवलं?" आमचा निवृत्ती विचारून आला. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभा राहून त्याने ज्ञानेश्वरांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली. नाव बदलायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.