टर्कीची अंडी उबवताना

कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस, टर्कीच्या अंड्याला 28. फरक एवढाच धरून बरेच जण अंडी यंत्रात घालतात आणि फसतात ते जालन्याच्या हवेपायी. भोकरदन घ्या की मंठा, उन्हाळा लागला की हवा कोरडी ठणठणीत. पंख्याच्या घरगुती यंत्रात आत 37.5 अंश लागतात. ते तापवू शकतं, गार करू शकत नाही. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली तर यंत्र काय करणार? म्हणून अंडी जानेवारी-फेब्रुवारीत लावावीत, तीही जाड भिंतीच्या खोलीत. पत्र्याच्या शेडमध्ये नकोत.

अंडी आठवड्याच्या आतली घ्यावीत. मळकी अंडी धुऊन लावण्यापेक्षा बाजूला काढलेली बरी.

खरी मेख ओलाव्यात आहे. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतलं पाणी उडत राहतं आणि रुंद टोकाला हवेची पोकळी वाढते. पिलू पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहून ते गुदमरतं. जास्त उडालं तर पडदा चिवट होऊन अंगाला चिकटतो. ओलावा 55 टक्क्यांच्या आसपास ठेवावा, पण स्वस्तातल्या मीटरवर माझा भरवसा नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरा. पंचविसाव्या दिवसापर्यंत वजन साधारण 12 टक्के उतरायला हवं, म्हणजे 85 ग्रॅमचं अंडं 75 वर. जास्त उतरत असेल तर पाण्याचं भांडं पसरट घ्या. खोल भांड्याचा उपयोग नाही, बाष्प पृष्ठभागावरूनच निघतं.

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. संख्या विषम असली की रोज रात्री वेगळी बाजू वर राहते. दहाव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय, नितळ दिसलं तर अंडं काढून टाका. वीज गेली तर झाकण उघडू नका.

पंचविसाव्या दिवशी फिरवणं थांबवा, ओलावा 70 वर न्या. कवचाला पहिली टोच पडल्यावर पिलू बाहेर यायला दिवसभरही लागतो. त्या वेळात ते पोटात बलक ओढून घेत असतं, शिरांतलं रक्त आटत असतं. हात शिवशिवतात, पण सोलू नका.

टर्कीची पिलं खायला लवकर शिकत नाहीत. उकडलेलं अंडं कुस्करून, बारीक चिरलेला पाला टाकून दाणा दाखवावा लागतो.

यंत्र नसेल तर खुडूक कोंबडीखाली पाच-सहा अंडी खुशाल ठेवा, ती चोख काम करते. मात्र पिलं तिच्यामागे अंगणात सोडू नका. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांबरोबर ब्लॅकहेड हा रोग पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, टर्की मात्र दगावते.